दंडाचा परिहार

हिंगणघाट, ४ नोव्हेंबर २०२४

ती. वनमालाताईंना चित्राचा नमस्कार.

फोन केला असता, पण घरातला फोन विशालच्या खिशात असतो, आणि बहिणीचं, गंधालीचं नाव निघालं की तो भरल्या ताटावरून उठतो. माझ्या लेकीचं नाव मला माझ्याच घरात हळू घ्यावं लागतं. म्हणून पत्र.

परवा पोलीस ठाण्यातून एक माणूस आला. रायपूरच्या जेलमधून कागद आला होता, हिंदीत. विशाल घरी नव्हता. मी चष्मा लावून स्वतः वाचला. हिंदी मला काही परकी नाही, टीव्ही सगळा हिंदीच असतो. त्यातलं वाक्य तुमच्यासाठी उतरवून ठेवलं: 'बंदी यशदीप के दंड के परिहार पर यदि आपको कोई आपत्ति हो तो लिखित में सूचित करें.' म्हणजे त्याचा दंड माफ करायचा आहे, त्यानं तुमच्यावर काही संकट येतं का, असं विचारलं आहे. कोर्टानं जन्मठेपेबरोबर पैशाचाही दंड ठोठावला होता ना, तो. मी म्हटलं, बापा, नवरा असून ज्यानं माझ्या पोरीला सळईनं ठेचून मारलं त्याचा दंड सरकारनं घ्यावा नाहीतर सोडावा, मला काय त्याचं. खाली लिहून दिलं, 'आपत्ती नाही', आणि सही केली. तो माणूस चहा पिऊन गेला.

बरोबर केलं ना मी? तुम्ही सरकारात जन्मभर कायद्याच्या कागदांची भाषांतरं केली. तुमचा भाऊ गेल्यापासून मला विचारायला दुसरं कोणी नाही.

तुमची,
चित्रा


समता कॉलोनी, रायपूर, ९ नोव्हेंबर

चित्रा,

उभ्याने वाचू नकोस. बैस, मग वाच.

तू सही केलीस तो कागद पैशाबद्दल नव्हता. हिंदी कायद्यात दंड म्हणजे शिक्षा. सगळी शिक्षा, फाशीसुद्धा दंडच. आपण ज्याला दंड म्हणतो त्याला ते जुर्माना म्हणतात. परिहार म्हणजे उरलेली शिक्षा सोडून देणं. आणि आपत्ति म्हणजे संकट नव्हे, हरकत. तिन्ही शब्द आपल्या घरचे वाटतात, म्हणून तू फसलीस. कागद इंग्रजीत असता तर कोणाला तरी विचारलं असतंस.

आता तू दिलेल्या उत्तराचं भाषांतर करते: 'माझ्या मुलीला मारणाऱ्याला सोडून दिलंत तरी माझी हरकत नाही.' खाली आईची सही.

मी रागावत नाही. रागावण्यात वेळ जातो. चौदा वर्षं आत काढली की सुटकेसाठी अर्ज करता येतो, तो यशदीपने केला आहे. समिती जानेवारीच्या शेवटी बसेल. त्याआधी ठाण्याचं, कोर्टाचं आणि मेलेल्याच्या नातेवाइकांचं मत मागवतात. मी काल जाऊन चौकशी केली. पहिलं उत्तर चुकीने दिलं असं कळवून नवं निवेदन देता येतं. ते आईच्याच सहीचं लागतं, आत्याचं चालत नाही.

निवेदन मी हिंदीत लिहायला घेतलं आहे. त्यात 'निर्मम' आणि 'राक्षसी' असली विशेषणं घालणार नाही. शवविच्छेदनाचा अहवाल पुरे आहे. तेव्हा तो तुझ्यासाठी मराठीत मीच केला होता आणि त्यातला एकही शब्द मऊ केला नव्हता. डाव्या कानामागे कवटी आत गेलेली. जबडा फुटलेला. दोन्ही हातांची हाडं मोडलेली, कारण तिने ते डोक्यावर धरले होते. इथल्या उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्यांच्या क्वार्टरमध्ये ओळख पटवायला मी गेले होते. सळई त्याच्याच मिलमधली, काम झाल्यावर छत्री ठेवावी तशी भिंतीला टेकवून ठेवलेली. भाजी खारट झाली म्हणून मारलं, असं तो पोलिसांना म्हणाला. शेजाऱ्यांनी सांगितलं की मारण्याचा आवाज बराच वेळ येत होता, आणि तिचा आवाज त्याआधीच थांबला होता.

विशालला हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

वनमाला


हिंगणघाट, १९ नोव्हेंबर

ती. वनमालाताई,

पत्र वाचलं. बसूनच वाचलं.

विशालपासून लपवता आलं नाही. मला वाटलं होतं तो भांडी फेकेल. गेल्या साली फक्त यशदीपच्या गावाचं नाव कोणी काढलं तर त्यानं त्या माणसाची कॉलर धरून त्याला नालीत पाडलं होतं. पण नाही. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'सुटते? खरंच सुटते?' दोनदा विचारलं. मी म्हटलं, माझी सही तशीच राहिली तर सुटेल. मग त्यानं भातावर वरण मागून घेतलं. पोटभर जेवला. ताईचं नाव त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून घेतलं. म्हणाला, 'आई, तू काई लिहून-बिहून देऊ नको. पोस्टात कागद गहाळ होते. मी जातो रायपूरले, आत्याजवळून हातोहात आणतो.'

त्याचा एक मित्र उरल्याला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, तिथं त्याला ड्रायव्हरचं काम मिळतं आहे. तुमच्याकडे येईल. त्याला नीट समजावून सांगा. पोट्टा कितीतरी वर्षांनी माणसात आला.

चित्रा


समता कॉलोनी, १० डिसेंबर

चित्रा,

विशाल येऊन गेला. वाढलेली दाढी काढून, स्वच्छ शर्ट घालून, संत्राबर्फी घेऊन. तुझ्या मुलाबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. ते मी बदललं आहे. तीन वेळा आला आणि दर वेळी विचारून शिकून गेला. हाताखालच्या नव्या भाषांतरकारांत मी असे विद्यार्थी फार थोडे पाहिले.

त्याला सगळ्यात जास्त काळजी याची, की यशदीप रागाच्या भरात मारलं असं सांगून सुटेल. म्हणून हत्या कशाला म्हणतात आणि नुसता 'आपराधिक मानव वध' कशाला, ते मी त्याला सविस्तर सांगितलं. आपल्या मराठी कायद्यात त्याला सदोष मनुष्यवध म्हणतात. कोणी असं काही केलं की समोरच्याचा एकाएकी तोल जावा, आणि त्या भरात हातून मरण झालं, तर ती हत्या धरत नाहीत, शिक्षा कमी होते. तो म्हणाला, 'समजा आत्या, एखादा माणूस दुसऱ्याले पाहूनच पागल झाला तं?' मी म्हटलं, हा मुद्दा चांगला आहे, पण नुसतं पाहणं पुरत नाही. त्याने मान हलवली. त्याला सुटकेची रीतही माहीत करून घ्यायची होती: हुकूम निघाल्यावर किती वेळात सोडतात, कोणत्या दाराने, घरच्यांना आधी कळवतात का. यशदीप आतमध्ये जाड झाला असेल की वाळला असेल, असंही विचारलं. तेवढं मला सांगता आलं नाही.

निवेदन लिफाफ्यात घालून त्याच्या हाती दिलं आहे. तो रविवारी हिंगणघाटला येतो आहे. सही कर आणि परत पाठव.

वनमाला


हिंगणघाट, ३० डिसेंबर

ती. वनमालाताई,

उशीर झाला, राग मानू नका. विशाल इकडे आलाच नाही, त्यामुळे कागद मिळाला नाही. ट्रकवर त्याला सुट्टी मिळत नसेल. शेजारच्या मीराच्या फोनवर त्याचा फोन येतो, आवाज चांगला असतो. जेवतो म्हणतो. जाताना घरातला सत्तूर घेऊन गेला, ट्रकमध्ये नारळ फोडायला लागतो म्हणाला, तर तुम्ही त्याला नवा घेऊन देऊ नका.

कागदाची एवढी घाई कशाला? सरकारी काम आहे, होईल हळूहळू. थंडी फार आहे. तुम्ही गुडघ्यांना जपा.

चित्रा


समता कॉलोनी, ४ जानेवारी २०२५

चित्रा,

माझे गुडघे ठीक आहेत. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी रिक्षा करून उरल्याला गेले.

ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर भैय्यालाल म्हणून मुनीम आहे. त्याला विशालचं विचारलं. म्हणाला, 'हव दीदी, लड़का मेहनती है. बस जेल तरफ का फेरा किसी दूसरे को नहीं देता, लड़कर लेता है.' मग त्याने ट्रक दाखवला. विशाल केबिनमध्ये बसून सत्तूर घासत होता. पाट्यावर नव्हे, चांगल्या कानशीने. मला पाहून त्याने तो लपवला नाही. मांडीवर तसाच राहू दिला.

मी लिफाफा कुठे आहे विचारलं.

'फाडला.'

मी का म्हणून विचारलं. तो मला लहान मुलाला समजवावं तसं समजावू लागला.

'आत्या, आतमध्ये त्याले कोण हात लावते? भिंती आहे, बंदूकवाले आहे, दोन टाइम जेवण आहे. माझ्यापासूनच वाचवून ठेवलं त्याले. आता सरकार सोडते म्हणते तं सोडू द्या. गेटातून रस्त्यावर येऊ द्या फक्त.'

मी म्हटलं, तू फासावर जाशील. तो हसला.

'तुमीच तं सांगतलं, एकदम तोल गेला तं हत्या नाही होत. माझा जाईन. त्याले पाहून जाईनच.'

चित्रा, तो माझ्याकडे तीनदा आला तो यशदीपच्या खटल्यासाठी नव्हे. स्वतःच्या खटल्याची तयारी करून गेला, आणि मी त्याला शाबासकी दिली.

मी सत्तूर मागितला. त्याने दिला नाही. हात पुढे केला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि मला केबिनच्या पायरीवरून खाली उतरवलं. जोरात नाही. पण त्याने ठरवलं असतं तर जोरात उतरवलं असतं, एवढं मला समजलं.

समिती चोवीस तारखेला बसते. सोबत नवी प्रत आहे. आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. ट्रकमध्ये रोज नारळ कोण फोडतं, हे तू त्याला विचारलं नाहीस. तुला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

वनमाला


हिंगणघाट, ९ जानेवारी

वनमालाताई,

हो.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खरंच घाबरले होते. चूक खरंच चूक होती. पण विशालनं 'सुटते?' असं विचारलं त्याच क्षणी मला कळलं, आणि अंगातून गार वारं गेल्यासारखं बरं वाटलं. नंतर मी फक्त गप्प राहिले.

तुम्ही तिला क्वार्टरमध्ये पाहिलं. मी पेटीत पाहिलं. चेहऱ्यावर कापड होतं. सगळे नको म्हणत असताना मी ते काढलं. विशाल शाळेच्या कपड्यात माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचे डोळे झाकायचं मला सुचलं नाही. त्या दिवसापासून मी रोज विळीवर बसते आणि भाजी चिरत नाही, त्याला चिरते. आधी बोटं. मग ओठ. मी देवाला जाते ती तेवढंच मागायला जाते, की तो आत आजारानं मरू नये, माझ्या आधी मरू नये. एवढी वर्षं आम्ही दोघं मायलेक एका ताटात हेच जेवत आलो.

तुमच्या कायद्यानं काय केलं? त्याला पोसलं. आता विचारतो, सोडू का. सोडा. मला तो मेलेला पाहिजे, आणि माझ्या लेकानं मारलेला पाहिजे. याचं भाषांतर करू नका. असंच राहू द्या.

कागद चुलीत घातला.

चित्रा


समता कॉलोनी, १४ जानेवारी

चित्रा,

भाषांतर करणारच. मला दुसरं काही येत नाही.

यशदीप बाहेर येईल तेव्हा त्याची म्हातारी आई जेलच्या दारात असेल. दर भेटीला तीच येते, मी तिला तिथे पाहिलं आहे. काठी टेकत येते. विशाल धावून जाईल. अशा शेकडो खटल्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले. पहिला घाव ज्याच्यासाठी आणलेला असतो त्याला तो क्वचितच बसतो. मध्ये पडणाऱ्याला बसतो. खांद्यावर बसला तर हात लोंबतो, मानेवर बसला तर माणूस उभ्या जागी खाली बसतो. मग दुसरा घाव, मग तिसरा, कारण आता थांबून काय उपयोग. तू हे विळीवर रोज करतेस, पण विळीवरचं वांगं ओरडत नाही आणि पायांना मिठी मारत नाही.

मग विशालला धरतील. आधी लोकच धरतील, आणि पोलीस येईपर्यंत त्याला दगडांनी मारतील. त्यातून जगला तर खटला. मी सांगितलेला अपवाद त्याला लागणार नाही. तो अर्धाच ऐकून गेला. राग अचानक यावा लागतो. ट्रकमध्ये कानशीने घासून ठेवलेला राग अचानक नसतो. म्हणजे हिंदीत हत्या, मराठीत खून. हिंदीत आजीवन कारावास, मराठीत जन्मठेप. हिंदीत सश्रम, मराठीत सक्तमजुरी. कोठडी एकच.

आणि मग चौदा वर्षं भरली की यशदीपच्या घरी एक माणूस कागद घेऊन जाईल. विचारील, बंदी विशाल के दंड के परिहार पर आपको आपत्ति है? त्या घरात सगळ्यांना हिंदी नीट येते. ते बरोबर उत्तर लिहितील.

गंधाली गेली तेव्हा तुला दोन मुलं होती. आता किती हवी आहेत ते ठरव.

तिसरी प्रत सोबत आहे. तिळगूळ पाठवत नाही.

वनमाला


हिंगणघाट, २३ जानेवारी

ती. वनमालाताई,

हे पत्र मी सांगते आहे आणि मीरा लिहिते आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

तुमचं पत्र मी आठ वेळा वाचलं असेल. मग मीराच्या फोनवरून विशालला कळवलं की मी फार आजारी आहे. तो आला. त्याला समोर बसवून तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. म्हातारीचं आलं तेव्हा म्हणाला, 'तिनंच तं पैदा केला त्याले.' तेव्हा मला कळलं की वाचून काही होणार नाही. मी कागद पाटावर ठेवला आणि पेन घेतलं.

त्यानं पेन मागितलं. मी दिलं नाही. त्यानं हात धरला. मी सोडलं नाही. तो म्हणत होता, 'सोड आई, सोड,' आणि पिळत होता, आणि मीही काय हट्टाला पेटले होते, सोडलंच नाही. मग हाड मोडल्याचा आवाज आला. ओली काडी मोडावी तसा नाही, वाळलेली मोडावी तसा. मी ऐकला, त्यानंही ऐकला. त्यानं हात सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. तसं तोंड मी एकदाच पाहिलं आहे, कोर्टात पहिल्या तारखेला, यशदीपचं. आपण काय केलं हे आपल्यालाच न समजलेलं.

तो पळाला. मीरानं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का. मी म्हटलं, नाही, माझ्या पोरानं मोडला. मीरा मला गप्प करत होती. मी दुसऱ्यांदा सांगितलं.

तिथून तशीच ठाण्यात गेले. डाव्या हाताचा अंगठा दिला. साहेब म्हणाले, कागदावर काय लिहिलं आहे ते माहीत आहे ना, तोंडानं सांगा. मी सांगितलं, 'त्याला आत ठेवा. जगेल तेवढे दिवस आत ठेवा.' त्यांनी तुमच्या कागदावरचा पत्ता पाहून त्याच दिवशी ते रायपूरला पाठवलं.

विशालचा पत्ता नाही. ट्रकवरही गेला नाही. सत्तूर त्याच्याजवळ आहे.

चित्रा


समता कॉलोनी, २१ फेब्रुवारी

चित्रा,

अर्ज नामंजूर झाला. यशदीप आतच राहील. काही काळाने तो पुन्हा अर्ज करू शकतो, आणि तुला पुन्हा विचारतील. तेव्हा आधी कागद मला दाखव.

विशाल जिवंत आहे आणि माझ्याकडे आहे. हुकूम निघाला त्या संध्याकाळी आला. दाढी वाढलेली, अंगाला वास, हातात गोणपाटाची पिशवी. मी दार उघडलं आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. त्याने पिशवीतून सत्तूर काढला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर हाणला. एकदाच. पातं लाकडात अर्धं गेलं. मी खुर्चीवर बसले होते ती तशीच बसून राहिले. उठले असते तर पुढे काय झालं असतं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

म्हणाला, 'तुमी त्याले वाचवलं.'

मी म्हटलं, हो.

तो सत्तूर उपटायला लागला. निघेना. मी त्याला सांगितलं की आईचं हाड मोडणं याला हिंदी कायद्यात घोर उपहति म्हणतात आणि मराठीत जबर दुखापत, आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिने तक्रार दिलेली नाही, तरी डॉक्टरांच्या कागदावर तुझं नाव आहे. त्याने मूठ सोडली. खाली फरशीवर बसला. मग विचारलं, 'लय दुखते का तिले?'

मी म्हटलं, ते तिलाच विचार. 

सत्तूर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून काढला. उरल्याच्या भट्टीत टाकून यायला मी त्याच्याबरोबर गेले. भैय्यालालने त्याला कामावर परत घेतलं आहे, पण जेलकडचा फेरा देणार नाही. रात्री तो दचकून उठतो आणि हातवारे करतो. मी माझ्या खोलीला आतून कडी लावते, हे तुला सांगून ठेवते. तो बरा झाला असं मी म्हणत नाही.

रविवारी तो हिंगणघाटला येतो आहे. रिकाम्या हाताने. मी बरोबर येत नाही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, आणि त्यासाठी मला विचारू नकोस. त्याला मी बजावलं आहे की दार उघडलं नाही तर ठोठावायचं नाही, हाक मारायची नाही. पायरीवर बसून राहायचं.

वनमाला